सात नंबरचा गळा

या सदरातले बाकीचे अनुभव मी नियमित वाचते. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचते. चिंचेखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचून झालं की मोबाईल बाजूला ठेवते आणि घोरत पडते. भूतखेत, करणी, नजर यातलं मी काही मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. तेव्हा ‘ताई, आता तरी मानता का?’ असं खाली कुणी विचारू नका. नाही मानत! पण जे झालं ते झालं, आणि मी ते मोजलंय. स्वतः मोजलेलं नाकारायला मला जमत नाही, एवढाच माझा प्रॉब्लेम आहे.

मी पद्मा. वय सत्तेचाळीस, राहायला कळंब्याला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. पूर्वी तिथं पंपाचे रबरी पार्ट व्हायचे, आता माणसाचे घसे, अन्ननलिका आणि जठरं होतात. दचकू नका, सिलिकॉनची. पोटात दुर्बीण घालून तपासणी करतात ना – एंडोस्कोपी – ती शिकणाऱ्या डॉक्टरांनी आधी खऱ्या माणसावर हात साफ करू नये, म्हणून ही मॉडेल्स. प्रवासी बॅगेएवढा एक डबा, त्याला पुढं तोंड, आत घसा आणि खाली जठर. त्यात वायर नाही, मोटर नाही, बॅटरी नाही. हे तेवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

घशाच्या तळाशी एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं असतं, आपण गिळतो तेव्हा उघडतं. म्हणून डॉक्टर तिथं पोचले की पेशंटला ‘गिळा’ म्हणतात आणि तेवढ्यात नळी पुढं सरकवतात. आमचं मॉडेल काही गिळत नाही. म्हणून त्याचं कडं मऊ ठेवलंय. हलका, एकसारखा दाब दिला की नळी आत जाते. जायलाच पाहिजे. तेवढ्यासाठीच तर मी दीड वर्ष साच्यांशी डोकं फोडलं.

पंपाचे पार्ट सोडून मी या भानगडीत का पडले, तेही सांगते. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे, जैन, घरची शेती. माझ्या आप्पांची ही तपासणी एका मोठ्या दवाखान्यात झाली होती. दोघांनी हात धरले, एकानं डोकं दाबलं आणि नळी घातली. आपापसात गप्पा चालल्या होत्या म्हणे, कुठल्याशा लग्नाच्या. आप्पांशी कुणी एक अक्षर बोललं नाही. आप्पा बाहेर आले. मला एवढंच म्हणाले, ‘जनावराला टोचतानाबी पाठीवर हात ठेवत्यात की गं.’ सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. ते गेले नाहीत. मी रागावले, रडले, पाया पडले, तरी गेले नाहीत. पोटातलं दुखणं मात्र वाढत राहिलं आणि त्यातच आप्पा गेले. त्या डॉक्टरवरचा राग अजून माझ्या डोक्यात आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

तर सात नंबर. आम्ही एकाच साच्यातून, एकाच डब्यातल्या सिलिकॉनची बारा मॉडेल्स ओतली होती. कोल्हापुरातल्या एका ट्रेनिंग सेंटरला त्यातली चार दिली. दहा दिवसांत सात नंबर परत. सोबत तक्रारीचा कागद – ‘दोष : गळा जाम.’

माझ्याकडं ओतकाम आणि टेस्टिंग नंदाताई करतात. कागलजवळच्या खेड्यातून येतात. पहाटे दोन म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून मग शेडवर. त्यांनी सात नंबर टेबलावर घेतला, तोंडात जेली लावली, आमची टेस्टिंगची जुनी दुर्बीण उचलली आणि सर्रकन आत घातली.

‘‘कुठं जाम हाय ओ मॅडम? लोण्यासारखं चाललंय की.’’

मीही बघितलं. गेली होती. परत पाठवून दिलं. आठ दिवसांत पुन्हा दारात, पुन्हा तोच कागद, आणि या वेळी खाली सेंटरच्या मोठ्या सरांची सही. (नाव सांगत नाही. कोल्हापुरात त्यांना सगळे मोठे सरच म्हणतात. हात इतका तयार की पेशंटला ‘गिळा’ सुद्धा म्हणावं लागत नाही, असं लोक कौतुकानं सांगतात.) माझं टाळकं सटकलं. म्हटलं, आणा इकडं, मी घालून बघते. जेली लावली, नळी घातली आणि ती कड्यापाशी थांबली. जोर लावला तर कडं दुमडलं, पण नळी आत जाईना.

‘‘नंदाताई, तुम्ही काय वेगळं केलंत?’’

‘‘काय न्हाय ओ.’’ त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली. ‘‘गिळा पावणं, सावकाश... हां, गिळा.’’ आणि नळी आत!

‘‘हे काय?’’

‘‘काय?’’

‘‘हे बोललात ते.’’

‘‘मी तर सगळ्यास्नीच बोलतो. बाराच्या बारा. म्हशीला हात लावायचा तर आधी बोलाय लागतंय, न्हायतर पान्हा सोडती व्हय ती? सवय पडलीया तोंडाला.’’

आता बघा, चूक काय होती ती. आमच्याकडचं प्रत्येक मॉडेल बोलूनच टेस्ट झालं होतं. मुकाट्यानं कुणी कधी तपासलंच नव्हतं, कारण तपासणाऱ्या बाईला मुकाट्यानं काही करताच येत नाही. मग मी उरलेली सगळी मुकाट्यानं तपासली. ठीक. सेंटरकडची तिन्हीही ठीक होती, त्यांची कधी तक्रारच नव्हती. फक्त सात नंबर बोलल्याशिवाय आत घेत नव्हता.

मी इंजिनिअर आहे. मला पहिल्या मिनिटाला कारण सुचलं – बोलताना माणसाचा हात सैल पडतो, दाब एकसारखा होतो, नळी जाते. झालं. तुमच्यापैकी निम्म्यांनी आत्ता हेच मनात म्हटलं असेल. मीही खूश झाले. आणि खात्री करावी म्हणून हातच काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर, लख्ख उजेडात, ड्रॉवरच्या सरकपट्टीवर दुर्बीण आवळून बसवली. पट्टीला पुढच्या अंगानं दोरी, दोरी कप्पीवरून, दोरीला वजन. आता नळी वजन ढकलणार, माणूस नाही. अर्धा किलो लावलं. नळी कड्यापाशी थांबली. पाऊण किलो लावलं तर कडं दुमडलं. पुन्हा अर्ध्यावर आणलं आणि नंदाताईंना शेडच्या दाराशी उभं केलं, वीस फुटांवर.

‘‘हां, बोला.’’

‘‘गिळा की ओ पावणं...’’

नळी सरकली. हळूच, अगदी खऱ्या पेशंटसारखी, कड्यातून आत गेली.

मी अकरा वेळा केलं. वहीत लिहिलंय. मुकाट्यानं अकरापैकी शून्य, नंदाताई बोलल्या की अकरापैकी अकरा. त्यांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून तेवढ्याच मोठ्यानं लावला, नाही गेली. सिलिकॉनचा कडकपणा मोजला, शेडवरच्या नऊही मॉडेल्सचा सारखा. साबणानं धुतलं, उन्हात ठेवलं, दुसऱ्या कंपनीची जेली लावली. काही फरक नाही. मग मी स्वतः ओरडले, ‘‘गिळ!’’ ढिम्म. पुन्हा ओरडले. मग कोल्हापुरी शिव्या दिल्या, त्या इथं छापणार नाहीत. ढिम्म! माझ्या शेडमध्ये, माझ्या साच्यातनं निघालेला घसा माझंच ऐकेना.

‘‘अशानं म्हसरू लाथ मारल ओ मॅडम,’’ नंदाताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसले. दमले होते, कंबर दुखत होती. म्हटलं, ‘‘बरं बाबा, तुमची मर्जी. घाई नाही. जमेल तेव्हा घ्या.’’ आणि दोरीचं वजन खाली गेलं.

भीती वाटली का? नाही. चीड आली. इतकी चीड की मी त्या दिवशी गाडी घेऊन सरळ घरी आले.

घरी ही गोष्ट फुटली, कारण मला पोटात ठेवता येत नाही. वहिनींनी लगेच लिंबू, बिब्बा, कुणीतरी देवऋषी, शांती, नदीत विसर्जन अशी अख्खी यादी काढली. मी म्हटलं, सिलिकॉन नदीत टाकलं तर प्रदूषणवाले मला आत टाकतील, आणि कळंब्याचा जेल घरापासून जवळच आहे. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत.

या सगळ्यात अव्वाचं झालं. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, जुना दमा. तिचा घास अडकत होता, दोन महिने. तिनं सांगितलं नाही. भाकरी दुधात कुस्करून, पातळ करून गिळत होती आणि ‘दात दुखत्यात’ म्हणत होती. एक दिवस साधा भातसुद्धा उलटून पडला तेव्हा मला कळलं. आमच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दुर्बीण घालून बघावीच लागेल, लांबवू नका. दम्यामुळं झोपेचं इंजेक्शन नको, जागेपणीच करू. आणि असल्या पेशंटला मोठ्या सरांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात मी सुचवणार नाही.

अव्वा एकच वाक्य बोलली. ‘‘तुझ्या आप्पांगत मला धरणार असशील तर मी हितंच मरतो.’’

आणि ती खरंच तसं करणारी आहे. तिला मी ओळखते. हट्ट माझ्यात कुठून आला असं तुम्हाला वाटतं? आप्पांच्या वेळी मी पाया पडून हरले होते. आता हरले असते तर दुधात कुस्करलेली भाकरीही बंद झाली असती. चार रात्री मी त्याच विचारात काढल्या.

पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी सात नंबर गाडीत घातला आणि सेंटरला गेले. ट्रेनिंगच्या खोलीत मोठे सर होते, चार शिकाऊ डॉक्टर होते, एक सिस्टर होत्या. मी डबा टेबलावर ठेवला.

‘‘दुरुस्त झालं?’’ सरांनी विचारलं.

‘‘नाही. सर, मंगळवारी माझी आई तुमच्याकडं आहे. त्याआधी हा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आधी याच्या घशातनं जाऊन दाखवा. मग माझ्या आईच्या.’’

वीस-बावीस वर्षं रोज तीस-चाळीस तपासण्या करणारा माणूस, आणि रबराचे पार्ट करणारी बाई त्याची परीक्षा घेतेय! पण सर हसले. दिलदार माणूस, खोटं कशाला बोलू. हातमोजे चढवले, दुर्बीण घेतली आणि एकही शब्द न बोलता घातली. थांबली. पुन्हा घातली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा जोर लावला आणि कडं दुमडलं.

‘‘जाम आहे. दोनदा लिहून दिलंय मी.’’

मी शिकाऊंमधल्या एका मुलीला म्हटलं, तू घाल, पण पेशंटशी बोलतेस तशी बोलत. ती नांदेडकडची, बिचारी घाबरत पुढं आली. ‘‘काका, थोडंसं दुखल, पण लगेच होतंय बगा. गिळा...’’ गेली. सरांसमोर, सगळ्यांसमोर.

सर लाल झाले. ‘‘हाताची पकड सैल होते बोलताना. एवढंच आहे हे.’’

‘‘असेल. मग तुम्हीही बोलून सैल करा.’’

‘‘मी बाहुलीशी बोलणार नाही.’’

‘‘बाहुलीशी नका बोलू हो. पण माझ्या आईशी तरी बोलणार आहात का? मला तेवढंच बघायचं होतं. ती जागी असणार आहे, सर. माझ्या वडिलांशी कुणी बोललं नव्हतं. ते परत गेले नाहीत, आणि मेले.’’

आवाज चढला होता माझा. डोळेही भरले होते, लपवण्यात अर्थ नाही. मी डब्याचं झाकण लावायला घेतलं. कोल्हापुरातल्या सगळ्यात चांगल्या हातावर मी स्वतःहून पाणी सोडत होते, आणि दुसरं कुणी माझ्याकडं नव्हतं.

‘‘थांबा,’’ सर म्हणाले. मग पोरांना म्हणाले, ‘‘तुम्ही चहा घेऊन या.’’

चौघं गेले. दार लागलं. सिस्टर आणि मी, दोघीच राहिलो. सर स्टूल ओढून त्या प्लास्टिकच्या तोंडासमोर बसले. मग त्यांनी डावा हात डब्यावर ठेवला, आपण माणसाच्या खांद्यावर ठेवतो तसा.

‘‘आजोबा,’’ ते म्हणाले. ‘‘जरा त्रास होईल. मी इथंच आहे. तुम्ही म्हणालात की थांबतो. हं... गिळा.’’

नळी गेली. सरांचा हात थांबला होता आणि नळी गेली, असं मला दिसलं. सिस्टरांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी भिंतीला हात टेकला. सरांनी नळी हळूहळू बाहेर काढली, पुसली, जागेवर लावली.

‘‘कुणाचा गळा आहे हा?’’ त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

‘‘सिलिकॉनचा,’’ मी म्हटलं.

तुम्ही काय विचार करताय ते मला कळतंय. करू नका. माझे आप्पा गेले, त्यांना अग्नी दिला, ते कुठल्या डब्यात येऊन बसलेले नाहीत. सर त्याला ‘आजोबा’ का म्हणाले, काका किंवा पावणं का नाही, ते त्यांनाच ठाऊक. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तो साचा मी संगणकावर काढलाय, त्यातला एकही आकडा माझ्या घरातल्या कुणाचा नाही. आणि एकाच साच्यातली बाकी अकरा मुकाट्यानं नळी घेतात. असलीच काही सिद्धी माझ्यात, तर ती बाराही ठिकाणी दिसायला नको होती का?

मंगळवारी सकाळी अव्वाला घेऊन गेले. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. ‘‘त्यात काय नवीन?’’ ती म्हणाली, ‘‘दिवस मावळल्यावर मी पाणीबी घेत न्हाई.’’ तोंडानं असं, पण माझं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. आत सरांनी सिस्टरना सांगितलं, कुणी हात धरायचा नाही. मला कोपऱ्यात उभं राहू दिलं.

‘‘आजी, मी डॉक्टर. हा फवारा कडू आहे, घसा बधिर होईल. नाव काय तुमचं? शेती कुठं तुमची? बरं, आता ही नळी जिभेवरून येतेय... श्वास नाकानं घ्या, दमा आहे ना, घाई नाही. आता गिळा. शाब्बास. अर्धं झालं.’’

एकदा अव्वानं हात वर केला. सर थांबले. खरंच थांबले. तिनं दोन श्वास घेतले, हात खाली केला, आणि मग ते पुढं गेले.

अन्ननलिका खाली अरुंद झाली होती, पित्तानं. तुकडा तपासायला पाठवला आणि आठवडाभर आमच्या घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही. पण ती अरुंद जागा दुर्बिणीतूनच थोडी थोडी रुंद करावी लागणार होती, म्हणजे पुन्हा यावं लागणार होतं, दोन-तीन वेळा.

सात नंबर आता त्या सेंटरलाच आहे. सर कुणाला काही सांगत नाहीत, पण नवीन आलेल्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्या दिवशी तोच देतात आणि स्वतः मागं उभे राहतात. माझ्या एका गिऱ्हाइकानं, जो स्वतः इंजिनिअर आहे, सरकपट्टीचा प्रयोग येऊन बघितला. तो हवेचा दाब म्हणाला, मग आवाजाची कंपनं म्हणाला, मग चहा पिऊन गेला. मलाही काही सापडलेलं नाही. वही माझ्याकडं आहे, आकडे खरे आहेत, कारण माहीत नाही. कुणाला सापडलं तर जरूर सांगा, पण आधी शेडवर या, दोरीला वजन बांधा आणि मग बोला. शांतीबिंती सांगायला येऊ नका. आणि ते कडं मी बदलणार नाही. बदलून द्या असं पुढच्या तक्रारीत कुणी लिहिलं तरी नाही.

गेल्या महिन्यात अव्वाची दुसरी वेळ होती. महिनाभर आधीपासून मी धसका घेतला होता, आता ही नाही म्हणणार. तर सकाळी सहाला ती इरकल नेसून, पिशवी घेऊन दारात उभी. ‘‘चल की गं, उशीर हुतोय.’’ दवाखान्यात तिचं नाव पुकारलं तसं मीही उठले.

‘‘तू बस हितंच,’’ ती म्हणाली. ‘‘त्यो बोलतोय की माझ्यासंगं. तू आलीस की भांडतीस.’’

आणि गेली. एकटी. पाठीमागं वळूनसुद्धा बघितलं नाही. दार नीट लागलं नव्हतं, आतून सरांचा आवाज येत होता – गिळा आजी... हां, आता परत एकदा गिळा... आणि बाहेर बाकावर बसून मी, कशावरच विश्वास नसलेली पद्मा, प्रत्येक वेळी त्यांचं ऐकून गिळत होते.